श्वानगाडीच्या सफरीची तयारी

स्लेज ही वस्तू आपल्याला शाळेच्या भूगोलात एकदा भेटते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. मला ती पुन्हा भेटली नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावी. माझी मावशी व काका तेथे नोकरीनिमित्त राहतात. हे गाव आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे साडेतीनशे किलोमीटर उत्तरेस आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवतच नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर संधिप्रकाश, एवढाच काय तो दिवस. अशा दिवसांत मार्गदर्शकाबरोबर कुत्र्यांच्या गाडीतून फेरी मारण्याचा बेत ठरला. जाण्याआधी जी तयारी करावी लागली, ती फेरीइतकीच मनोरंजक वाटली, म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न कपड्यांचा. आपली समजूत अशी की थंडीत जाड कपडा घालावा. तिकडे शिकवतात ते निराळे: पातळ थर अनेक, आणि अंगालगतचा थर लोकरीचा. सुती बनियन सक्त मना! सुती कापड घाम शोषून ओलेच राहते, आणि गाडी थांबली की तोच ओलावा अंगातली ऊब खेचून घेतो. गाडी हाकताना घाम येतो हे मला आधी खरे वाटले नव्हते. पण चढावर एका पायाने ढकलावे लागते तेव्हा चांगलाच येतो. वरचा जाड पोशाख आणि बूट बहुधा सफरवालेच देतात. बुटात बोटे हलली पाहिजेत. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट केला तर रक्ताभिसरण मंदावते आणि पाय अधिकच गारठतात. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहणारे मोजे बरे. चष्मेवाल्यांनी (मी त्यांतलाच) नाकातोंडावर रुमाल गुंडाळताना श्वास वर येणार नाही असे पाहावे, नाहीतर काचा धुरकटतात. मोबाइल आतल्या खिशात ठेवावा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

दुसरी तयारी गाडीची. एक जण पुढे बसतो, दुसरा मागे धावपट्ट्यांवर उभा राहतो. गुडघे किंचित वाकलेले, वळणावर अंग आतल्या बाजूस. उतारावर ब्रेकवर पाय हवाच, नाहीतर गाडी गाडीलगतच्या कुत्र्यांच्या पायांवर जाते. एक नियम मात्र मार्गदर्शक दहादा बजावतो: काही झाले तरी दांडी सोडायची नाही. तुम्ही पडलात म्हणून कुत्री थांबत नाहीत. गाडी हलकी झाली की उलट जोरात पळतात, आणि पुढे बसलेला माणूस त्यांच्याबरोबर जातो. आमच्या गाडीत पुढे मावशी होती, त्यामुळे हा नियम मला नीट पाठ झाला.

आमच्या एका प्राध्यापकांनी विचारले, हा मुक्या जनावरांचा छळ नव्हे काय? प्रश्न योग्य आहे. अलास्कन हस्की दिसायला किरकोळच, वीस-पंचवीस किलोचा. पण पिढ्यान्‌पिढ्या धावण्यासाठीच पैदास झालेला. जुंपण्यापूर्वी ती इतकी भुंकतात, उड्या मारतात, की कानठळ्या बसाव्यात. गाडी सुटली की एकदम शांत. त्यांना थंडीपेक्षा उकाड्याचा त्रास अधिक; धावता धावता बर्फ चाटतात. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस गाडीवानांनी व सुमारे दीडशे कुत्र्यांनी साडेपाच दिवसांत हजारावर किलोमीटर प्रतिविष (अँटिटॉक्सिन) वाहून नेले. त्यांतला लिओनहार्ड सेप्पाला मूळचा याच उत्तर नॉर्वेचा. तरीही धावण्याच्या आनंदाने सगळे उत्तर मिळत नाही. ही कुत्री उन्हाळ्यात कुठे असतात, दिवसाचे किती तास साखळीला असतात, म्हातारी झाल्यावर त्यांचे काय होते, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. ज्याला ही चौकशी आवडत नाही, त्याची गाडी मी तरी घेणार नाही. आम्ही विचारले तेव्हा मार्गदर्शक बाईंनी निवृत्त झालेली दोन कुत्री घरात चुलीपाशी झोपलेली दाखविली.

फेरी संपल्यावर जू उतरविण्याचे आणि मांसाचे कोमट पाणी पाजण्याचे काम पाहुण्यांनाही देतात. तेव्हा हातमोजे ओले होतात. म्हणून कोरडा जोड बरोबर असावा.