ॲस्पिरिनच्या डबीला व्हिनेगरचा वास येतोय?

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर किंवा स्टेंट बसवल्यावर अनेकांना रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी घ्यावी लागते, बहुतेक वेळा ७५ मिलिग्रॅमची. सोय म्हणून काही जण गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरतात आणि डबी स्वयंपाकघरात ठेवतात. दादरसारख्या समुद्रालगतच्या भागात पावसाळ्यात पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं. तीच दमट हवा गोळ्यांनाही लागते. डबी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर त्या गोळ्या घेऊ नका.

हा वास कुठून येतो?

ॲस्पिरिन हे एक एस्टर आहे. आम्ल आणि अल्कोहोल यांची अभिक्रिया होते तेव्हा पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि उरलेले भाग जोडले जाऊन एस्टर बनतं. पिकलेल्या केळ्याचा वासही प्रामुख्याने एका एस्टरचाच असतो.

ॲस्पिरिन बनवताना सॅलिसिलिक आम्लाला 'ॲसिटिल' नावाचा छोटा गट जोडतात. त्यासाठी ॲसिटिक ॲनहायड्राइड हे रसायन वापरलं जातं. १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीतल्या फेलिक्स हॉफमन यांनी ॲस्पिरिन शुद्ध स्वरूपात तयार केलं.

एस्टरला पाणी मिळालं की हा जोड हळूहळू पुन्हा सुटतो. ॲस्पिरिनचं सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल होतं. व्हिनेगरमध्ये असतं ते हेच ॲसिटिक आम्ल.

त्याने काय बिघडतं?

रक्ताची गुठळी होण्यात प्लेटलेट पेशींचा मोठा वाटा असतो. ॲस्पिरिन आपला ॲसिटिल गट प्लेटलेटमधल्या एका एन्झाइमला कायमचा चिकटवतं. प्लेटलेट साधारण ७ ते १० दिवस जगते आणि तेवढे दिवस ते एन्झाइम बंदच राहतं. ॲसिटिल गट आधीच सुटून गेला असेल, तर उरलेल्या सॅलिसिलिक आम्लाला हे काम जमत नाही. म्हणजे गोळी रोज पोटात जाते, पण गुठळीपासून मिळणारं संरक्षण कमी होतं.

काय काळजी घ्याल?

- गोळी घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढा. स्ट्रिप कोरड्या, थंड जागी ठेवा. बाथरूममध्ये किंवा गॅसच्या शेगडीजवळ नको.
- वास आलेल्या, भुगा झालेल्या किंवा मुदत संपलेल्या गोळ्या टाकून द्या आणि त्याच दिवशी नव्या आणा. मध्ये खंड पडू देऊ नका.
- वास आला नाही म्हणजे गोळी चांगलीच आहे असं समजू नका. आवरण असलेल्या गोळीचा वास लवकर जाणवत नाही.
- दात काढायचा असो वा शस्त्रक्रिया असो, ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने थांबवू नका. आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.
- घरात कोणाला ताप आला तर ही गोळी देऊ नका. डेंग्यू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यालाच ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.