मुळशी तालुक्यातील शारीरिक सक्रियता आणि सार्वजनिक आरोग्य

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुक्यात बदलत्या राहणीमानाबरोबर शारीरिक सक्रियता हा सार्वजनिक आरोग्याचा विषय बनला आहे. स्नायूंच्या हालचालीने ऊर्जा खर्च होते अशी प्रत्येक क्रिया शारीरिक सक्रियतेत मोडते. शेतकाम, घरकाम, पायी प्रवास, खेळ आणि व्यायाम हे सर्व तिचेच प्रकार आहेत. व्यायाम हा त्यांपैकी केवळ एक. मुळशीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. तालुक्याच्या पश्चिमेला, ताम्हिणी घाटाच्या बाजूस, अंगमेहनतीची भातशेती अजून टिकून आहे, तर पूर्वेकडील हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट या पट्ट्यात दिवसाचा बराचसा वेळ बसून काढणारी वस्ती वाढली आहे. एकाच तालुक्यात अतिश्रम आणि बैठेपणा शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे ‘हालचाल वाढवा’ हा सरसकट संदेश येथे अपुरा पडतो.

श्रमातून बैठेपणाकडे

भातशेतीच्या वर्षात राब भाजणे, चिखलणी, लावणी, कापणी आणि झोडणी अशी कामे क्रमाने येतात. भर पावसात दिवसभर वाकून करावी लागणारी लावणी मुख्यत्वे स्त्रियांच्या वाट्याला येते. त्याशिवाय पाणी भरणे, सरपण आणणे आणि डोक्यावरून ओझे वाहणे ही कामेही त्यांच्याकडेच असतात. अशा जीवनक्रमात वेगळ्या व्यायामाची गरज कोणालाही भासत नसे.

हिंजवडी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेले राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान, पिरंगुट परिसरातील कारखाने आणि पुण्याच्या वाढीबरोबर आलेली गृहसंकुले यांमुळे पूर्व भागाचे स्वरूप बदलले. जमिनी विकल्या गेल्या, शेतकामाची जागा नोकरीने किंवा भाड्याच्या उत्पन्नाने घेतली आणि पायवाटांची जागा दुचाकीने घेतली. आहार मात्र त्या प्रमाणात बदलला नाही.

हा बदल मुळशीपुरता मर्यादित नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील प्रौढांची पाहणी करण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५४.४ टक्के व्यक्ती निष्क्रिय गटात मोडत होत्या. शहरी भागात हे प्रमाण ६५ टक्के होते, आणि ग्रामीण भागातही ते ५० टक्के होते. फावल्या वेळात खेळ वा व्यायाम करणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. ‘खेड्यातला माणूस आपोआप धडधाकट’ या समजुतीला या आकड्यांनी फारसा आधार ठेवलेला नाही.

पुण्यातील संशोधन

बैठेपणाचे परिणाम येथे अधिक तीव्र का होतात, याचे एक स्पष्टीकरण पुण्यातीलच संशोधनातून मिळाले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम. वजनात एवढे अंतर असूनही पुण्याच्या बालकांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. स्नायूंची वाढ मात्र कमी होती. अशी प्रकृती असलेल्यांना दिसायला सडपातळ असूनही मधुमेहाचा धोका संभवतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा कंबरेचा घेर येथे अधिक बोलका ठरतो.

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष कमी चर्चिला जातो. गरोदरपणात शेतातील आणि घरातील जड कामे अधिक करणाऱ्या स्त्रियांची बालके जन्मतः लहान आढळली. पोटभर आहार आणि विश्रांती यांवाचून होणारे श्रम आणि स्वेच्छेने केलेला व्यायाम यांचा शरीरावरील परिणाम सारखा नसतो. लावणीच्या दिवसांत अशा स्त्रीला अधिक हालचालीचा सल्ला देणे निरर्थक, किंबहुना अन्यायकारक ठरते. तिला गरज असते ती ओझे कमी होण्याची.

तालीम आणि क्रीडांगण

मुळशी तालुका कुस्तीसाठी ओळखला जातो. तालमीतील लाल माती, जोर, बैठका आणि मुद्गल ही येथील व्यायामाची जुनी परंपरा आहे. गावजत्रेतील आखाड्यात लहान मुलांच्या कुस्त्यांनी सुरुवात होऊन शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती होते. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा भूगाव येथे भरली होती. तीत अभिजित कटके याने किरण भगत याच्यावर विजय मिळवला. म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले आणि २००८ मध्ये तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने या दोहोंची मर्यादा मात्र सारखीच आहे. तालीम प्रामुख्याने तरुण पुरुषांची, तर मोठे क्रीडा संकुल मुख्यतः निवडक खेळाडूंचे. चाळिशीतील गृहिणी, संगणकासमोर बसणारा कर्मचारी किंवा वृद्ध शेतकरी त्यांच्या कक्षेत क्वचितच येतात. मेहनत सुटली तरी खुराक न सुटलेला माजी पैलवान हाही आरोग्याच्या दृष्टीने दुर्लक्षित घटक आहे.

मार्गदर्शक प्रमाण आणि त्याचा वापर

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र स्वरूपाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. मुलांसाठी हे प्रमाण दररोज सरासरी ६० मिनिटे आहे. झपझप चालणे हा यांतील सर्वांत स्वस्त मार्ग होय. पण त्यासाठी चालण्याजोगा रस्ता लागतो. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट आणि पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाहनांची वर्दळ पाहता पदपथ हा येथे आरोग्याचाही प्रश्न ठरतो. म्हाळुंगे, सूस आणि बावधन बुद्रुक ही गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाल्यामुळे तेथील पदपथ आणि उद्यानांची जबाबदारी महापालिकेकडे गेली.

गावपातळीवर हा विषय आशा स्वयंसेविकांमार्फत घरोघरी पोहोचतो. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी त्या जो जोखीम तपासणी अर्ज भरतात, त्यात वय, तंबाखू, मद्यपान, कंबरेचा घेर आणि कुटुंबातील आजारांबरोबरच आठवड्यात किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का, हाही प्रश्न असतो. एकूण गुण चारपेक्षा अधिक झाल्यास त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्य दिले जाते. लावणी करणारी स्त्री आणि सकाळी फिरायला जाणारा संगणक अभियंता या दोघांचेही उत्तर ‘होय’ असेच येते, आणि अर्जात दोघांनाही सारखेच गुण मिळतात.