रात्री दोन वाजता उठून लिहिणारी ऑक्टेव्हिया

दुसऱ्याच्या घरी राबून आई संध्याकाळी परत येते, तेव्हा तिच्या पिशवीत काय असते? उरलेले अन्न, मुलांना होतील असे जुने कपडे. अमेरिकेतील पासाडेना शहरातली एक काळी मोलकरीण मात्र मालकांनी टाकून दिलेली पुस्तकेही घरी आणीत असे. त्या पुस्तकांवर वाढलेली तिची मुलगी पुढे जगप्रसिद्ध विज्ञानकथालेखिका झाली. तिचे नाव ऑक्टेव्हिया बटलर.

ऑक्टेव्हियाचा जन्म २२ जून १९४७ चा. वडील बूटपॉलिश करीत. ती लहान असतानाच ते वारले. आईबरोबर ती कामाच्या घरी जाई. काळ्या मोलकरणीने मागच्या दारानेच आत शिरायचे, अशी तिथली रीत. मालक वाटेल ते बोलत आणि आई मुकाट्याने ऐकून घेई. मुलीला त्याचा संताप येई, आईची लाजही वाटे.

शाळेत तिचे वाचन अडखळत चाले. ती लाजाळू, एकलकोंडी होती. पण दहाव्या वर्षी तिने आईकडे टाईपरायटर मागितला आणि त्या माउलीने तो घेऊन दिला! काळी माणसे कधी लेखक होत नसतात, असे नात्यातल्या एका बाईने बजावले. तरी तिने लिहिणे सोडले नाही. कॉलेजच्या कथास्पर्धेत तिला पहिली कमाई झाली, १५ डॉलर.

१९७० साली एका लेखन शिबिरात तिच्या दोन कथा विकल्या गेल्या. त्यातली एक १९७१ साली छापून आली, दुसरी मात्र तिच्या मृत्यूनंतर, २०१४ साली! त्यापुढची पाच वर्षे तर एकही ओळ विकली गेली नाही. पोट तर भरायला हवे. मग तिने भांडी घासली, गोदामात काम केले, फोनवरून माल विकला, बटाट्याच्या वेफर्समधले खराब वेफर्स निवडले. रात्री दोन वाजता उठून ती लिहायला बसे आणि मग कामावर जाई. १९७६ साली पहिली कादंबरी निघाली.

कॉलेजात असताना एक काळा तरुण तिला म्हणाला होता, की आपल्या वाडवडिलांनी मान खाली घातली म्हणूनच आपण मागे राहिलो. ऑक्टेव्हियाला आई आठवली. आईने अपमान गिळले नसते, तर घरात अन्न कुठून आले असते? या विचारातून १९७९ साली ‘किंड्रेड’ ही कादंबरी आली. तिच्यात १९७६ सालातली एक काळी स्त्री अचानक गुलामगिरीच्या काळात खेचली जाते आणि पूर्वजांनी काय सोसले ते स्वतः भोगते.

एकदा बसमध्ये तिने रक्त निघेपर्यंत झालेली मारामारी पाहिली. माणसे बोलून भांडण मिटवायला कधी शिकणार, या प्रश्नातून ‘स्पीच साउंड्स’ ही कथा झाली. रोगाने माणसांची वाचाच गेली तर काय होईल, हे त्या कथेत आहे. तिला १९८४ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी ‘ब्लडचाइल्ड’ या कथेलाही. १९९५ साली तिला मॅकआर्थर फाउंडेशनची २ लाख ९५ हजार डॉलरची फेलोशिप मिळाली. हा मान मिळवणारी ती पहिली विज्ञानकथाकार.

२००६ साली ऑक्टेव्हिया वारली. २०२१ साली अमेरिकेचे ‘पर्सिव्हरन्स’ यान मंगळावर जिथे उतरले, त्या जागेला तिचे नाव देण्यात आले.

वाचकहो, आपल्या घरातली एखादी मुलगी कोपऱ्यात वही घेऊन बसत असेल, तर ‘याने का पोट भरणार आहे?’ असे तिला म्हणू नका. पोट भरण्यासाठी ऑक्टेव्हियाने वेफर्स निवडलेच. पण तिच्या हाती टाईपरायटर आला, तो तिच्या मोलकरीण आईमुळे.