बोटावर अर्धा किलो

एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत रेंजवर उभं राहण्याआधी शस्त्रतपासणीच्या टेबलाशी जावं लागतं. तिथला पंच पिस्तूल नळी वर करून उभं धरतो, ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवतो आणि ते सरळ वर उचलतो. वजन अधांतरी लोंबकळलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पिस्तूल पास. आधीच ‘टक्’ असा आवाज आला, तर बाजूला जाऊन स्क्रू फिरवायचा आणि पुन्हा यायचं. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचा ताण किमान 500 ग्रॅम हवा, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. रायफलला ही अट नाही. तिचा ट्रिगर इतका हलका ठेवता येतो, की नवख्या माणसाला बोट नीट टेकायच्या आतच शॉट सुटल्यासारखं वाटतं.

या टेबलापाशी मला फार बरं वाटतं, कारण या खेळाचं मर्म तिथे काट्यावर तोललं जातं. नेमबाजी म्हटलं की लोक डोळ्यांबद्दल विचारतात. “चष्मा आहे, चालेल का?” चालतो. पॅरिसला 2024 मध्ये एअर पिस्तुलाच्या मिश्र दुहेरीत रौप्यपदक घेणारा तुर्कस्तानचा युसुफ दिकेच साधा रोजचा चष्मा लावून उभा होता आणि त्याचं वय होतं 51. त्याचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला. लोकांना ती ऐट वाटली. पण पिस्तूल एकाच हातानं धरायचं असतं आणि मोकळा हात हलत राहिला तर खांदा हलतो, म्हणून बहुतेक सगळेच पिस्तूल नेमबाज तो खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवतात. दुसरा ठरलेला प्रश्न असतो, “हात थरथरतो, जमेल का?” हात सगळ्यांचाच थरथरतो, ऑलिंपिकवीरांचाही. नेम कधीच एका जागी थांबत नाही, तो एका छोट्या भागात तरंगत राहतो. सरावानं तो भाग लहान होतो, एवढंच. गोळी वाया जाते ती बहुतेक वेळा या तरंगण्यामुळे नव्हे. ‘आता बरोबर मध्ये आलंय, मार!’ असं मनानं ओरडल्यावर बोट जो हिसका देतं, त्यामुळे.

हिसक्याची किंमत मोजून बघा. 10 मीटर एअर रायफलच्या कार्डावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बॉलपेननं नुसतं टिंब द्यावं तेवढा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. गालापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण पाऊण मीटर धरलं, तर ते टोक मिलिमीटरचा पाचवा हिस्सा सरकलं तरी दहा गेला. पिस्तुलाचा दहा त्यामानानं मोठा, साडेअकरा मिलिमीटरचा. पण तिथे सगळा भार लांब केलेल्या एका हातावर आणि वर हा अर्धा किलोचा ट्रिगर.

म्हणून चांगला कोच नवशिक्याला पहिले दिवस छर्राच देत नाही. एका कोचसरांकडे मी पाहिलंय: मुलगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, मोठ्या हौसेनं आलेली. सरांनी तिला पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं. भिंतीवर कार्ड नाही, ठिपका नाही, काही नाही. रिकामं पिस्तूल उचलायचं, पुढची साइट मागच्या खाचेत बसवायची, दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला पाहिजे, माथे एका रेषेत. आणि ट्रिगर इतक्या सावकाश मागे आणायचा, की तो कधी सुटला ते आपल्यालाही आधी कळू नये. सुटताना पुढची साइट जागची हलली का, एवढंच बघायचं. ती पहिल्यांदा कंटाळली. अर्ध्या तासानं तिनं स्वतःहून विचारलं, “सर, सुटताना दर वेळी डावीकडे का जातंय?” बोटाचं पेर ट्रिगरवर तिरकं बसत होतं. समोर कार्ड असतं, तर तिनं कार्डावरची भोकं मोजली असती आणि बोटाकडे तिचं लक्ष गेलंच नसतं.

याला रेंजवर ‘ड्राय’ म्हणतात. “आज किती ड्राय केलंस?” हा प्रश्न कानावर पडला नाही असा दिवस जात नाही. माझं ठाम मत आहे, की नोकरी करणाऱ्या, संध्याकाळी सातला घरी पोचणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी हा खेळ शक्य होतो तो ड्रायमुळेच. दारात रेंज लागत नाही, छर्रे लागत नाहीत, शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. ठिपका हवाच असेल, तर तोही मापात काढता येतो: रायफलच्या कार्डावरचा काळा भाग 30.5 मिलिमीटरचा असतो, म्हणजे 10 मीटरऐवजी अडीच मीटरवर उभं राहिलात तर साधारण साडेसात मिलिमीटरचा काळा ठिपका डोळ्याला तेवढाच दिसतो. पिस्तूल अजून घेतलेलं नसेल, तर पाण्यानं भरलेली लिटरची बाटली घ्या. एअर पिस्तूल साधारण तेवढंच भरतं. नियमानं ते दीड किलोच्या वर चालत नाही. बाटली खांद्याच्या उंचीवर एका हातानं धरा, श्वास थोडा सोडून थांबा, सहा-आठ सेकंदांनी खाली आणा. खांदा काय ते सांगेल.

यातलं ‘खाली आणा’ मला सगळ्यात मोलाचं वाटतं. उचललेलं पिस्तूल न मारता खाली घेणं ही स्वतंत्र विद्या आहे. आठ-दहा सेकंद गेले, श्वास अपुरा पडायला लागला, नजर पांढुरकी झाली, तरी माणूस हट्टानं मारतो. कारण इतका वेळ धरलं ते फुकट कसं घालवायचं! सामन्यात 60 शॉटना 75 मिनिटं मिळतात, म्हणजे प्रत्येक शॉटला सव्वा मिनिट. घाईचं काहीच कारण नसतं. पटलं नाही, तर खाली घ्या, दोन श्वास घ्या, पुन्हा उचला.

ट्रिगरवरच्या बोटानं काय काय घडवलंय, हे कळण्यासाठी अमेरिकेच्या मॅट एमन्सची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 2004 साली अथेन्सला त्यानं उसन्या रायफलवर 50 मीटर प्रोनचं, म्हणजे झोपून मारायच्या प्रकाराचं, सुवर्ण जिंकलं होतं. मग थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) अंतिम फेरीतही तो शेवटच्या शॉटपर्यंत पुढे होता. तो शॉट त्यानं सुरेख मारला, पण शेजारच्या लेनच्या टार्गेटवर. शून्य गुण, थेट आठवा क्रमांक. त्या संध्याकाळी त्याचं सांत्वन करायला आलेली चेक नेमबाज कातेरिना पुढे त्याची बायको झाली आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकचं पहिलं सुवर्ण तिनंच पटकावलं. त्याच बीजिंगमध्ये मॅट पुन्हा थ्री पोझिशनच्या शेवटच्या शॉटला आघाडीवर होता, या वेळी तीन गुणांहून जास्त. नेम वरून खाली, लक्ष्याकडे आणत असतानाच बोटाचा दाब ट्रिगरवर पडला. 4.4. हातातलं सुवर्ण गेलं आणि पदकही गेलं. जगातल्या सर्वोत्तम नेमबाजाचं बोट अर्ध्या सेकंदानं लवकर पोचलं, एवढंच घडलं होतं. 2012 ला लंडनमध्ये त्यानं याच प्रकारात कांस्य मिळवलं, हेही सांगायला हवं. बीजिंगलाच अभिनव बिंद्रा शेवटच्या शॉटआधी फिनलंडच्या हेन्री हाक्किनेनशी बरोबरीत होता. हाक्किनेनचा 9.7 आला, बिंद्रानं 10.8 मारला आणि भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळालं. तो शॉट मी आजही लावून बघते.

इतिहास थोडक्यात. नेमबाजी 1896 च्या पहिल्या ऑलिंपिकपासून आहे, एअर रायफल 1984 ला आली आणि एअर पिस्तूल 1988 ला. आपली राष्ट्रीय रायफल संघटना 1951 ची. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, अहमदाबादेत वकिली केलेला मराठी माणूस. देशभरातले नवे नेमबाज ज्या स्पर्धेतून राष्ट्रीय पातळीकडे जात आले, तिला त्यांचंच नाव आहे.

महाराष्ट्रात या खेळाची माती कसदार आहे. अंजली भागवत, माहेरच्या वेदपाठक, मुंबईत कॉलेजात असताना एनसीसीच्या वाटेनं रायफलकडे आल्या आणि 2000 मध्ये सिडनीला अंतिम फेरीत पोचल्या. ‘लहानपणी सुरू केलं नाही, आता काय उपयोग’ म्हणणाऱ्यांना मी हे नाव सांगते. नाशिकला भीष्मराज बामांनी पोलीस सेवेनंतर योगाचा आधार घेऊन खेळाडूंच्या मनावर आयुष्यभर काम केलं. 2017 मध्ये ते गेले. आणि कोल्हापूर! दुधाळीच्या रेंजवर मी मुद्दाम गेले होते. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनची विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, ही दोन्ही नावं या रेंजशी जोडलेली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेतली नोकरी सांभाळून 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशनचं कांस्य 451.4 गुणांनी घेऊन आला. सुरुवातीला गुडघ्यावरच्या पोझिशनमध्ये मागे पडला, तरी उभ्यानं मारताना त्यानं पदक खेचून आणलं. उभं राहूनच सगळ्यात जास्त डुलायला होतं, हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या पदकाची खरी किंमत कळते.

आता कामाचं. .177 बोअरच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफल-पिस्तुलाला आपल्याकडे परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद ठेवतो. .22 ला परवाना लागतो, तो विचार नंतरचा. तरीही पहिल्याच महिन्यात काही विकत घेऊ नका. क्लबचं शस्त्र मिळतं, तेवढं पुरतं. परदेशी मॅच रायफल लाखांत जाते, शिवाय जाडसर जॅकेट, पँट, बूट. काही ठिकाणी नवख्याला पहिल्या आठवड्यातच जॅकेटचं माप द्यायला लावतात. तिथून सरळ उठून दुसरीकडे जावं. नोकरदार माणसानं पिस्तुलापासून सुरुवात करावी, असं माझं मत. कपड्यांचा खर्च नाही आणि सगळं सामान एका छोट्या पेटीत मावतं.

रेंज निवडताना गुणांचे फलक बघू नका. तिथली माणसं शस्त्र टेबलावर कशी ठेवतात ते बघा. नळी कायम टार्गेटकडे हवी; नळीत रंगीत दोरी म्हणजे सेफ्टी फ्लॅग हवा; ‘स्टॉप’ म्हटल्यावर सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबायला हवेत; कोणी टार्गेटकडे गेलं असेल, तर मागे शस्त्राला कुणीही हात लावता कामा नये. रिकामं आहे असं सांगूनही जो स्वतः उघडून बघतो, त्याच्या शेजारी उभं राहून शिका. घरी ड्राय करतानाही छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा. छर्रे शिशाचे असतात. हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय चहाबिस्किटाला हात लावू नका.

पुण्यात बालेवाडीची रेंज आहे, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, आणि बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा संघटना आहे. कॉलेज संपलंय, पहिली नोकरी लागलीये, संध्याकाळचा एक तास मोकळा आहे, अशा प्रत्येकाला माझं सांगणं आहे: दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या जिल्ह्याच्या रेंजवर जा, एक संध्याकाळ नुसते मागे बसून बघा आणि निघताना कोचना विचारा, “पहिले दिवस ड्राय करून घ्याल ना?” हो म्हणाले, तर तिथेच नाव घाला.