मादुरकाठी : शेतांतील पीक, माजघरांतील कसब

लव्हाळ्यास मोल तें काय, असें म्हटल्यास आमच्या वाचकांपैकीं कोणीहि हंसेल. परंतु बंगालमधील पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यांत, सबंग भागीं, लव्हाळ्याच्याच जातीची मादुरकाठी ही वनस्पति कंद लावून मुद्दाम पिकवितात. तिचे दांडे कापून, चिरून वाळवितात. मग सुताच्या उभ्या दोऱ्यांत आडवी काडी घालून स्त्रिया चटई विणतात. अतिशय बारीक काडीच्या चटईस मसलंद म्हणतात. ती पुरी होण्यास कित्येक दिवस लागतात. हल्लीं त्याच विणीचीं जेवणाच्या मेजावरील आसनें व लांब पट्टेहि होतात. सन २०१८ मध्यें मादुरकाठीस भौगोलिक निर्देशन मिळालें.

आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. आमच्याकडील सातबाऱ्यावर पिकाची नोंद असते. पण काडीस खरें मोल आणणाऱ्या हाताच्या श्रमास त्यांत रकाना नाहीं. घरच्या वहींतहि तो क्वचितच आढळतो.

खानदेशांत घड उतरविल्यावर केळीचें खोड बांधावर कुजत पडतें. त्याचाहि धागा निघतो. असा उद्योग घरीं काढावयाचा झाल्यास आमची सूचना एवढीच कीं, पहिल्या दिवसापासून वही घालावी, विणणारीचे दिवस मजुरीच्या चालू दरानें खर्चीं लिहावे, आणि मगच नगाची किंमत ठरवावी. तसें न केल्यास वहींत दिसेल तो नफा नव्हे. तो घरच्या लक्ष्मीचा बुडालेला रोज होय.