धूर बाहेरचा, धूर घरातला

अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड बसते, हे चंद्रपूरच्या मायमाऊल्यांना कुणी सांगायला नको. इथले महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचे; वीज साऱ्या महाराष्ट्राला, राख आपल्याला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्येच चंद्रपूरला अतिप्रदूषित यादीत घातले. चिमणीतून निघणाऱ्या गंधकवायूवर मर्यादा घालणारा नियम डिसेंबर 2015 मध्ये आला. मुदतीवर मुदती वाढल्या, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. म्हणून सौरऊर्जेची घोषणा झाली की आम्ही आधी विचारतो, वस्तीला काय?

या वेळी काही आहे. राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेत छतावर एक किलोवॅटचा संच बसतो. खर्च सुमारे 50 हजार. महिन्याला 100 युनिटच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जातीच्या ग्राहकाला 5 हजार भरावे लागतात, दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला अडीच हजार. जातीचा दाखला काढून ठेवा. वीजबिल आपल्या नावावर हवे, थकबाकी नको. बिल घरमालकाच्या नावावर असलेला भाडेकरू मात्र बाहेरच राहतो. हे आम्हाला खटकते.

संच बसला तरी घरातली कोळशाची शेगडी आपोआप विझत नाही. थंडीत ती बंद खोलीत पेटती ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर धुराचाच आहे असे समजून बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, पैसे लागत नाहीत.