जुने ट्रेलर-घर : खरेदी आणि पुनरुद्धार

स्वतःचे इंजिन नसलेल्या, मोटारीला जोडून ओढीत न्यावयाच्या आणि आत निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या वाहनाला इंग्लंडमध्ये ‘कॅराव्हॅन’ व अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. चाकांवरील घर ही कल्पना भारतीयांना नवी नाही. राजस्थानातील गाडिया लोहारांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांच्याच आश्रयाने राहिली. मात्र राहते घर सोडून केवळ हौसेखातर चाकांवरच्या घरात राहावयास जाणे, ही पश्चिमेकडील रीत होय. 1885 मध्ये डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल-वैद्याने ब्रिस्टल येथे ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढावयाची प्रशस्त गाडी बांधवून घेतली आणि तीत बसून थेट स्कॉटलंडच्या उत्तर भागापर्यंत प्रवास केला. मोटारीमागे जोडावयाची घरे बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने 1919 पासून विकावयास काढली.

आरंभीची ट्रेलर-घरे सुताराच्या हातची असत. लाकडी चौकट, तीवर प्लायवूड किंवा कापड आणि वर रंग. यात मूलगामी बदल घडविला तो विमाने बांधणाऱ्यांनी. लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ या विमानाच्या बांधणीवर देखरेख केलेल्या हॉली बोलस यांनी 1934 मध्ये अल्युमिनियमचे ट्रेलर-घर तयार केले. त्याच धर्तीवर वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने 1936 मध्ये ‘क्लिपर’ बाजारात आणले. या घरांत भिंत व चौकट वेगळी नसते. अंड्याच्या कवचाप्रमाणे वाकविलेला पत्राच पुष्कळसा भार सोसतो, आणि तो पत्रा धरून ठेवतात ते हजारो रिव्हेट. 1969 मध्ये चंद्रावरून परतलेल्या तीन अंतराळवीरांना रोगजंतूंच्या भयाने ज्या बंदिस्त खोलीत ठेवण्यात आले, तीही मुळात असेच एक ट्रेलर-घर होती.

भारतात अशी जुनी घरे फार थोडी. परंतु एखादे हाती लागलेच, तर त्याचा पुनरुद्धार करण्यास बंगळूरसारखे दुसरे नगर शोधून सापडणे कठीण. याचे कारण या नगराचा विमानांशी असलेला जुना संबंध. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने डिसेंबर 1940 मध्ये येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. महायुद्धाच्या काळात हा कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती करीत असे. युद्ध संपताच विमानांचे काम ओसरले, तेव्हा त्याच कारागिरांनी संपूर्ण धातूचे रेल्वेचे डबे आणि बसगाड्यांचे सांगाडे बांधले. विमानाचे कसब प्रवासी वाहनाकडे वळल्याचे हे बंगळूरमधील उदाहरण ट्रेलर-घराच्या इतिहासाशी अगदी जुळणारे आहे.

त्याच कारखान्याने पुनरुद्धाराचाही एक असामान्य नमुना घालून दिला. युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाने ‘लिबरेटर’ जातीची अनेक बाँबफेकी विमाने कानपूर येथे टाकून दिली होती, आणि ती पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून जाणूनबुजून त्यांची मोडतोड केली होती. 1948 मध्ये त्यांतील जी डागडुजीने तग धरतील ती निवडण्यात आली. उड्डाणापुरती दुरुस्ती जागेवर करून वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला आणली. येथे ती पूर्णपणे उकलून पुन्हा बांधण्यात आली. अशी सुमारे 40 विमाने हवाई दलात दाखल झाली आणि 1968 अखेरपर्यंत सेवेत राहिली. त्यांपैकी काही आज ब्रिटन, अमेरिका व कॅनडा येथील संग्रहालयांत उभी आहेत. जुने ट्रेलर-घर घेणाऱ्याने या हकिगतीतील एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आधी निवड झाली, मग जेमतेम हलविण्यापुरती दुरुस्ती आणि खरे काम त्यानंतर. हौशी ग्राहक बहुधा याच्या उलट क्रमाने जातो. तो प्रथम पडद्यांचे कापड निवडतो.

खरेदीच्या वेळी चकाकीकडे पाहू नये. चकाकी चार दिवसांत आणता येते. पाहावयाचे ते पाणी कोठे मुरले आहे हे. दार उघडताच ओल्या लाकडाचा कुबट वास आला, तर पुढील परीक्षा अधिक कसून करावी. खिडक्यांखाली, दाराच्या उंबऱ्याशी, चाकांच्या वर आणि विशेषतः मागील भिंतीच्या तळाशी जमिनीत टोच्या खुपसून पाहावा. लाकूड निरोगी असेल तर टोच्या अडतो आणि कुजलेले असेल तर तो लोण्यात शिरावा तसा शिरतो. एअरस्ट्रीमसारख्या घरांत प्लायवूडची जमीन खालचा पोलादी सांगाडा आणि वरचे कवच यांच्या मधोमध आवळलेली असते. ती कुजली म्हणजे कवच व सांगाडा यांची पकडच सुटते, आणि गाडी खड्ड्यातून गेली की मागचा भाग सांगाड्यापासून अलग होऊन वरखाली हलू लागतो. मागील बंपरवर उभे राहून हलकेच झोके दिल्यास हा दोष उघड होतो. सांगाडा एका दिशेला आणि कवच दुसऱ्या दिशेला जात असेल, तर मागितलेली किंमत कितीही कमी असली तरी ती महागच समजावी.

बंगळूरची हवा सौम्य म्हणून प्रसिद्ध आहे, परंतु येथे मे महिन्यातील वळवापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस पडत राहतो आणि सप्टेंबर बहुधा सर्वांत ओला असतो. अंगणात उघड्यावर ठेवलेले ट्रेलर-घर सुकावयास फारसा अवधीच मिळत नाही. म्हणून कामाचा आरंभ डिसेंबरच्या सुमारास करावा आणि तोपर्यंत वर छप्पर घालावे. आतील पत्रे उकलले म्हणजे भिंतीत भरलेली काचलोकर दिसते. ती बहुधा भिजून गोळा झालेली आणि उंदरांनी पोखरलेली असते. उंदरांच्या मूत्राने अल्युमिनियम सडते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे पोलाद आणि अल्युमिनियम यांचा ओला सहवास. दोन भिन्न धातू पाण्याने जोडले गेले की विद्युतघटातल्याप्रमाणे सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यात अल्युमिनियमचा बळी जातो. पत्रा पांढऱ्या भुकटीत रूपांतरित होतो. यास्तव सांगाडा खरवडून, गंज काढून त्यावर रंगाचे थर द्यावेत आणि जेथे दोन धातू भेटतात तेथे मध्ये न भिजणारी पट्टी बसवावी. फाटलेल्या पत्र्याला ठिगळ लावताना पोलादी स्क्रू वापरण्याचा मोह टाळावा. अल्युमिनियमला अल्युमिनियमचाच रिव्हेट हवा. तो मारावयास दोघे लागतात. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी हातोडी धरतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा दाबून उभा राहतो. एकमेकांना न दिसणारे हे दोघे पत्र्यावरील ठोक्यांच्या खुणांनी बोलतात. हे काम पुस्तक वाचून येत नाही. विमानाच्या कारखान्यात आयुष्य घालविलेला निवृत्त कारागीर भेटल्यास त्याच्याकडून आठवडाभर तरी ते शिकावे.

बाह्य पत्रा घासण्याबाबत मात्र कोणाचेही ऐकू नये. विमानाच्या पत्र्याप्रमाणे जुन्या ट्रेलर-घरांच्या पत्र्यावरही पुष्कळदा शुद्ध अल्युमिनियमचा पातळ थर असतो. त्याची जाडी पत्र्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते आणि आतील मिश्रधातूचे रक्षण तोच करतो. पॉलिश कागदाने घासले की हा थर जातो आणि तो परत आणता येत नाही.

साहित्य नगरातच मिळते. वाहनांच्या सुट्या भागांसाठी जे. सी. रोड, विजेच्या सामानासाठी एस. पी. रोड, मोडीत काढलेल्या मोटारींच्या धुऱ्या व चाके पाहण्यासाठी शिवाजीनगरची गुजरी, आणि सांगाड्याच्या वेल्डिंगसाठी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील छोटे कारखाने.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष झाल्यास हे सारे श्रम वाया जातात. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश होतो, म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी आवश्यक ठरते. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरे असलेल्या विशेष क्रमांकाची तरतूद केली. परंतु ती खाजगी दुचाकी व चारचाकी मोटारींपुरती असून ट्रेलर त्या वर्गांत बसत नाही. शिवाय नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास कायद्याची मनाई आहे. सांगाड्यावरील क्रमांक गंजून गेला असेल आणि विक्रेत्यापाशी मूळ कागद नसतील, तर ग्राहकाच्या हाती उरेल ती बागेतील खोली. म्हणून सांगाडा खरवडण्यापूर्वी तो क्रमांक शोधून त्याचे छायाचित्र व ठसा घ्यावा. अनेकांनी तो खरवडीतच घालविला आहे.

मैसूर येथील रेल्वे संग्रहालयात 1899 चा महाराणींचा डबा स्वयंपाकघरासह जतन केलेला आहे. त्याला आता रुळांवर धावावयाचे नाही, म्हणून त्यातील प्रत्येक वस्तू आहे तशी ठेवता येते. जे घर रस्त्यावर न्यावयाचे आहे त्याच्या मालकाला ही चैन परवडत नाही. अमेरिकन घरातील विजेची जोडणी 110 व्होल्टची असते, ती संपूर्ण बदलावी लागते. गॅसच्या जुन्या नळ्या, ब्रेक आणि टायर कितीही चांगले दिसले तरी टाकून द्यावेत. एक अडचण तर प्रवासाला निघेपर्यंत सहसा लक्षातच येत नाही. अमेरिकन घराचे दार उजव्या बाजूस असते, कारण तेथे पदपथ उजवीकडे येतो. आपल्याकडे तेच दार धावत्या रहदारीत उघडते. ब्रिटिश घराचे दार डावीकडे असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. दार हलवावे तर कवचच कापावे लागते आणि कवच कापणे म्हणजे भार सोसणारी भिंत कापणे. तेव्हा दार आहे तेथेच ठेवावे आणि मुक्कामाची जागा रस्त्यापासून आत, आवारात निवडावी.

पहिल्यांदा ओढून नेण्यापूर्वी वजन करावे. जोडआकड्यावर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार यावा, अशी अमेरिकन घरांची रीत आहे. पाण्याची टाकी आणि सामान मागे ठेवल्याने हा भार कमी झाला, तर वेग वाढताच घर शेपटीसारखे डोलू लागते. अशा वेळी चालकाने एकाएकी ब्रेक दाबू नये. वेग पायाने दाबून वाढवूही नये. चाक सरळ धरून पाय हळूहळू काढून घ्यावा आणि थांबल्यावर सामान पुढे हलवावे.